दसऱ्यानंतरचा वर्ग : नववीच्या इंग्रजी नियोजनाचं एक प्रकरण

जूनमध्ये हजेरीपटावर ४६ नावं होती. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा वर्गात २९ जण बसले होते. उरलेले १७ जण आईवडिलांबरोबर सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या आणि काही कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या फडांत ऊसतोडीला गेले होते. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार अशा तालुक्यांत शिकवणाऱ्या कोणालाही यात नवीन काही वाटणार नाही. दसरा झाला की मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी येते, टोळी भरते, गाव रिकामं होतं. तरीही दरवर्षी जूनमध्ये आम्ही वार्षिक नियोजन लिहितो ते ४६ मुलं एप्रिलपर्यंत रोज समोर बसणार असं धरून. मीही सहा वर्षं तसंच लिहीत होते.

हे प्रकरण २०२२-२३ या वर्षाचं, नववीच्या एका तुकडीचं आहे. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी तृतीय भाषा, आठवड्याला सहा तासिका. ही मुलं सहावीत असताना, मार्च २०२०मध्ये, शाळा बंद झाल्या. सातवीचा बराचसा आणि आठवीचा काही भाग त्यांनी वर्गाबाहेरच काढला आणि तरी ती नववीत आली. त्यामुळे कॅपिटल अक्षर कुठे येतं हे न कळणारं मूल आणि 'व्हेअर'-'देअर'चा गोंधळ करणारं मूल एकाच बाकावर होतं. त्यात ऊसतोड. आठवीपर्यंत निदान शिक्षणहक्क कायद्याचा आधार असतो, गावात हंगामी वसतिगृह चालतं. ती सोय पहिली ते आठवीसाठी असते. नववीत गेलेल्या मुलाला मागे ठेवायचं तर नातेवाइकाच्या घरी. आणि नववीतलं पोर तोवर कामाला येण्याएवढं मोठं झालेलं असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा बरोबर असला की मोळ्या वाहायला, गाडी भरायला हात मिळतो. मुलगी असली की कोपीवरचा, म्हणजे फडाजवळच्या खोपटातला, स्वयंपाक आणि धाकटी भावंडं तिच्याकडे जातात. आईवडिलांनी हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती फेडायची असते. त्यांना शाळेचं महत्त्व सांगायला जाणं मी फार पूर्वीच सोडलं. ते मला महत्त्व सांगू शकतील इतकं त्यांना ते ठाऊक आहे.

आदल्या वर्षी काय केलं होतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. जाणाऱ्या मुलांना मी ऑक्टोबरमध्ये यादी दिली होती : अमुक पाठापासून तमुक पाठापर्यंतची प्रश्नोत्तरं वहीत लिहून आणा, दहा शब्दांचे अर्थ रोज लिहा, दोन पत्रं लिहा. मार्चअखेर एक मुलगा वही घेऊन आला. सुंदर अक्षर, दोन रंगांचं पेन, प्रत्येक पाठाची सगळी उत्तरं. मला इतका आनंद झाला की मी ती वही शिक्षकखोलीत दाखवत फिरले. दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, पहिलं उत्तर वाचून दाखव. त्याला पहिलं वाक्यही वाचता येईना. त्यानं गाईडमधून उतरवलं होतं, कोपीतल्या उजेडात, चित्र काढावं तसं एकेक अक्षर. पाच महिन्यांत त्यानं त्या वहीवर जितके तास घातले असतील तितके माझ्या वर्गातल्या कोणीच घातले नव्हते, आणि त्यातून त्याला इंग्रजीचं एक वाक्यही मिळालं नव्हतं. कष्टात तो कुठेच कमी पडला नव्हता. मी दिलेलं कामच असं होतं की ते न समजता पूर्ण करता यावं.

त्या वहीमुळे मी मे महिन्यात दहावीची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, घेऊन बसले. नववीची आम्ही त्याच धर्तीवर काढतो. तृतीय भाषा इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची, बाकी २० अंतर्गत मूल्यमापनाचे. त्या ८०ची फोड मी यापूर्वी शंभर वेळा पाहिली होती, पण कधी या प्रश्नानं पाहिली नव्हती : यातले किती गुण मिळवायला विशिष्ट पाठ वर्गात शिकलेला असावा लागतो? पाठ्यपुस्तकातले उतारे २० गुणांचे, कविता १०. झाले ३०. उरलेल्यांत भाषाभ्यास १०, पुस्तकाबाहेरचा उतारा आणि सारांश १५, लेखनकौशल्य २० आणि अनुवाद ५. म्हणजे ५० गुण असे की ज्यांसाठी अमुक धडा झालाय की नाही याला काही अर्थ नाही. वाक्य वाचता आलं पाहिजे आणि वाक्य लिहिता आलं पाहिजे, बस.

आणि माझं नियोजन कसं होतं? सरळ पुस्तकाच्या क्रमानं. पहिल्या सत्रात पहिले धडे, दुसऱ्या सत्रात पुढचे. पत्रलेखन, संवाद, इन्फर्मेशन ट्रान्सफर हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत, 'रिव्हिजन'च्या नावाखाली. म्हणजे मुलांना कुठेही नेता येईल असा ५० गुणांचा भाग मी नेमका अशा वेळी शिकवत होते जेव्हा १७ मुलं वर्गात नसायची. जाताना त्यांच्या गाठीला काय असायचं, तर निम्मे धडे.

नवं नियोजन त्यामुळे उलटं केलं. जून ते ऑक्टोबर हा काळ सगळ्यांचा, म्हणून त्यात वाक्य, उतारा, लेखन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धडे आणि कविता, वर्गात असणाऱ्यांसाठी सविस्तर. मार्च-एप्रिलमध्ये परतलेल्यांसाठी चार गद्य पाठ आणि तीन कविता निवडून. पहिल्या सत्रातही पुस्तक बंद नव्हतं. पाच पाठ घेतलेच. पण ते धडा संपवायचा म्हणून घेतले नाहीत, वाक्यं काढून घ्यायची खाण म्हणून घेतले.

मुख्याध्यापकांना हे पटायला वेळ लागला. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. "मॅडम, उद्या तपासणीला कुणी आलं आणि ऑगस्टात तुमच्या टाचणात पत्रलेखन दिसलं, धडा तिसरा दिसलाच नाही, तर मी काय उत्तर देऊ?" मी त्यांना तीन वर्षांचे हजेरीपट दाखवले, नोव्हेंबर ते मार्चचे. बराच वेळ ते पानं उलटत राहिले. मग म्हणाले, वार्षिक नियोजनाच्या पहिल्या पानावर कारण लिहा, खाली मी सही करतो. त्या सहीचं मोल फार होतं. टाचणवही, म्हणजे रोज काय शिकवणार याची नोंदवही, हा शिक्षकाचा रोजचा धाक असतो. ती आधी खरी लिहिता आली, म्हणून वर्गात खरं शिकवता आलं.

शब्द कुठून आणायचे

जुलैत मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : फडात गेल्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत कोणकोणते शब्द कानावर पडतात? अर्ध्या तासात फळा भरला. फड, कोयता, मोळी, वाढे, पाचट, कोपी, उचल, मुकादम, टोळी, खाडा, काटा, गव्हाण, पट्टा. जी मुलं कधी बोलत नसत ती उठून उभी राहून सांगत होती, कारण या विषयात ती वर्गातली जाणकार होती. गावात राहणारी, दुकानदाराची, शिक्षकाची मुलं त्या दिवशी ऐकत बसली होती.

मग म्हटलं, आता हे इंग्रजीत सांगा. मोळीला 'बंडल', उचलीला 'ॲडव्हान्स', वाढ्याला 'केन टॉप्स' हे पटकन जमलं. कोपीवर वाद झाला. कुणी 'हट' म्हणालं, कुणी 'टेंट'. एक मुलगा म्हणाला, टेंट लग्नात असतो मॅडम. शेवटी 'स्मॉल हट' ठरलं आणि आणखी एक वाक्य जोडायचं ठरलं : वुई मेक इट अवरसेल्व्ह्ज. खाड्यावर मात्र सगळे अडकले. मी 'ॲब्सेन्स' सुचवला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "ॲब्सेन्स शाळेतला असतो. खाड्याचे पैशे कापत्यात." तिचं बरोबर होतं. मग वर्गानं शब्दाऐवजी वाक्य केलं : इफ यू मिस अ डे, दे कट युवर मनी. पंधरा वर्षं मी मुलांना सांगत आले की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू नका. त्या दिवशी ते मला सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतः शब्द टाकून दिला, कारण त्यांना अर्थ इतका नेमका माहीत होता की चुकीचा शब्द त्यांना चालेना.

याच्या पुढची पायरी अचानक सापडली. कृतिपत्रिकेतला इन्फर्मेशन ट्रान्सफर म्हणजे तक्ता किंवा प्रवाहआकृती देतात, त्यावरून परिच्छेद लिहायचा, किंवा उलट. मी दरवर्षी त्यासाठी चहा कसा करतात ते घ्यायचे. या वर्षी उसाचा प्रवास घेतला. बुडख्यात तोड, पाचट सोलणं, वाढे छाटणं, मोळी बांधणं, गाडीत भरणं, काट्यावर वजन, गव्हाणीत (कारखान्यात ऊस टाकतात त्या जागी) खाली. मुलांनी आकृती काढली, बाण काढले. परिच्छेद लिहायला घेतला तेव्हा सगळ्यांनी लिहिलं : माय फादर कट्स द केन. माय मदर टाइज द बंडल. मी विचारलं, पण काट्यावर वजन कोण करतं? माहीत नाही. गव्हाणीत कोण टाकतं? मशीन, कधी माणसं. मग कर्ता कुठून आणायचा? इथे मी फळ्यावर लिहिलं : द केन इज वेड. द केन इज अनलोडेड. पॅसिव्ह व्हॉइस मी आजवर सूत्रानं शिकवत आले होते : कर्माचा कर्ता करा, क्रियापदाचं तिसरं रूप घ्या, 'बाय' लावा. मुलं यंत्रासारखी उलटवत आणि कुठे वापरायचं ते कोणालाच कळत नसे, 'रामा इज ईटन बाय अ मँगो' हे दरवर्षी एकदा तरी यायचंच. या तासाला पहिल्यांदा त्यांना पॅसिव्हची गरज पडली. करणारा कोण हे ठाऊक नाही, किंवा महत्त्वाचं नाही, आणि ऊस मात्र पुढे चाललाय. एका मुलानं आपणहून वर जाऊन पहिली वाक्यंही बदलली, द केन इज कट, द लीव्ह्ज आर रिमूव्ह्ड. मी त्याला विचारलं, तुझे वडील गेले कुठे या वाक्यातून? तो थांबला, आणि पहिलं वाक्य परत पूर्वीसारखं केलं. व्याकरणाची इतकी चांगली चर्चा माझ्या वर्गात तोवर झाली नव्हती.

वही

जाणाऱ्या मुलांसाठी काय द्यायचं हा नियोजनाचा कठीण भाग. सुट्या कागदांचा संच मी आधीच बाद केला. कोपीत पाऊस, दव, उंदीर, धाकटी भावंडं, सगळं असतं. प्रत्येकाला एक दोनशे पानी वही दिली. पहिल्या वीस पानांवर छापील मजकूर चिकटवला, बाकी कोरी. चिकटवण्याचं काम वर्गातल्याच मुलांनी दोन दिवस बसून केलं.

वहीत तीन प्रकारची कामं होती. एक, रोज पाच वाक्यं. आज काय केलं, काय पाहिलं. नोव्हेंबरमध्ये साधा वर्तमानकाळ, डिसेंबरपासून भूतकाळ. चुकलं तरी चालेल, पण रोज. दोन, बारा छोटे उतारे, आठ-दहा ओळींचे. ते मी स्वतः लिहिले, बाजार, एसटी, बैल, दवाखाना, मोबाइलचं रिचार्ज असल्या विषयांवर. प्रत्येकाखाली तीनच प्रश्न : एकाचं उत्तर उताऱ्यात सरळ सापडेल, एकासाठी दोन वाक्यं जोडावी लागतील, आणि तिसरा तुझं मत काय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही गाईडमध्ये नाही, ही त्यातली मुख्य सोय. तीन, महिन्याला एक पत्र, वर्गातल्या ठरलेल्या सोबत्याला. गावात राहिलेल्या मुलानं उत्तर द्यायचं. पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा.

याखेरीज आठवड्याला एक काम तोंडी : वहीतली त्या दिवसाची पाच वाक्यं वाचून आवाजाचा संदेश पाठवायचा. त्या मुलाच्या गाईडवाल्या वहीनं मला हे शिकवलं होतं. लिहिलेलं उसनं आणता येतं, वाचताना मात्र कळतं.

माझी पहिली मोठी चूक इथे झाली. मी वेळ ठरवली, बुधवारी रात्री आठ ते नऊ. मी फोन करेन, बोलू. पहिल्या बुधवारी सतरापैकी दोघांनी फोन उचलला. दुसऱ्या बुधवारी एका आईनं उचलला, आवाजात नुसता थकवा. "लेकरू झोपलं मॅडम. पहाटं तीनला उठायचंय." मी फोन ठेवला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं या मुलांना शिकवते आणि त्यांच्या दिवसाचं वेळापत्रक मला माहीत नव्हतं. मी माझ्या सवडीची वेळ त्यांची सवड धरून चालले होते.

मग मी विचारायला सुरुवात केली. मुलांचं उत्तर एक होतं, मुलींचं वेगळं. बैलगाडीवर जाणारी मुलं म्हणाली, कारखान्याच्या तळावर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास बसावं लागतं, तेव्हा वेळच वेळ. आणि वडिलांचा फोन तिथे जवळच असतो. मुली म्हणाल्या, दुपारी, आई फडातून यायच्या आधी, धाकटं झोपलं की. पण तेव्हा फोन घरी नसतो, तो फडात. म्हणजे वेळ होती तेव्हा फोन नाही. म्हणून ठरलेली वेळ रद्द. मुलांनी तळावरून केव्हाही संदेश पाठवावा. मुलींनी दुपारी लिहावं, आणि संध्याकाळी फोन आला की दोन मिनिटांत वाचून पाठवावं. महिनाभरात सतरापैकी अकरा जणांचे संदेश नियमित यायला लागले. मागे बैलांच्या घुंगरांचा, ट्रॅक्टरचा आवाज, आणि त्यात कोणीतरी वाचतंय : टुडे द लाइन इज लाँग. अवर नंबर इज नाइंटी. आय ॲम सिटिंग ऑन द कार्ट.

दुरुस्ती कशी करायची याचाही धडा मिळाला. सुरुवातीला मी प्रत्येक चूक टाइप करून कळवायचे. दोन मुलांचे संदेश बंद झाले. मग ठरवलं, एका वेळी एकच चूक, आणि तीही आवाजात : मी ते वाक्य बरोबर म्हणून पाठवायचं, त्यांनी परत म्हणायचं. क्रियापदाचा 'एस', माय फादर कट, माय फादर कट्स, हा नोव्हेंबर अख्खा चालला. दुसरं मी काहीही दुरुस्त केलं नाही. मला त्याचा फार त्रास झाला, कारण दिसलेली चूक सोडून देणं शिक्षकाच्या हाताला जमत नाही.

मागे राहिलेल्यांचा हिशेब

आता या प्रकरणातला तो भाग, ज्याचा मी जूनमध्ये विचारच केला नव्हता.

डिसेंबरमध्ये घटक चाचणीचे पेपर तपासताना लक्षात आलं की वर्गातल्या २९ जणांपैकी पाच मुलींचे गुण ऑक्टोबरपेक्षा घसरलेत, आणि त्या पाचही जणी आठवड्यातले तीन-चारच दिवस येतायत. मी त्यांना 'राहिलेल्या' धरून चालले होते. त्यांच्यासाठी धड्यांचं सविस्तर नियोजन होतं, गटकार्य होतं, सगळं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, पाचही जणींचे आईवडील तोडीला गेलेत. मुलगी शिकावी म्हणूनच त्यांनी तिला आजीजवळ ठेवलं होतं. पण आजी म्हातारी, शेळ्या, पाणी, दोन धाकटी भावंडं शाळेत सोडायची. एकीनं मला सरळ सांगितलं, "मॅडम, आई गेल्यापासून घरातली आई मीच हाय."

फडातली मुलगी आणि घरात राहिलेली ही मुलगी, दोघींचा दिवस जवळपास सारखाच होता. फरक इतकाच, की फडातल्या मुलीसाठी माझ्याकडे वही होती, वेळ ठरवण्याची मोकळीक होती, एकच चूक दुरुस्त करायचा धीर होता. हिच्यासाठी होता फक्त हजेरीपट आणि 'काल का आली नाहीस' हा प्रश्न. मी फळ्यावर कविता शिकवून पुढे गेले, ती दोन दिवसांनी आली, आणि तिच्या वहीत त्या कवितेच्या जागी कोरं पान. गैरहजर मुलांसाठी जे केलं तेच या अर्ध्या हजर मुलींसाठी करायला हवं होतं, हे कळायला मला डिसेंबर उजाडावा लागला.

जानेवारीत त्या पाचजणींनाही तशाच वह्या दिल्या. त्याबरोबर वर्गाच्या तासाची रचनाही बदलली. एक कविता सलग चार तास शिकवण्याऐवजी प्रत्येक तास आपल्यापुरता पुरा होईल असा बांधायला लागले. आज एक कडवं, त्याचा अर्थ, त्यातली एक कल्पना, त्यावर तीन ओळी लेखन, संपलं. काल न आलेल्या मुलीलाही आज आल्यावर काहीतरी पुरं हातात मिळावं. असं केल्यानं कवितेचा सलग आस्वाद तुटतो, हे मला मान्य आहे, आणि कविता शिकवायला आवडणाऱ्या माणसाला ते बोचतं. रसग्रहणाचा सराव त्या वर्षी माझ्या वर्गात कमीच झाला.

पत्रांचंही इथे सांगायला हवं. गावातल्या मुलांनी उत्तरं लिहायची होती, आणि पहिल्या दोन महिन्यांत ती अगदी कोरडी होती : हाऊ आर यू, आय ॲम फाइन, स्टडी वेल. पत्रलेखनाचा साचा त्यांना पाठ होता, पण सांगायला काही नव्हतं. जानेवारीत फडातल्या एका मुलानं पत्रात प्रश्न विचारला : आमच्या घराचं दार नीट आहे का, कुत्रं जिवंत आहे का? सोबती जाऊन बघून आला आणि त्यानं दीड पान लिहिलं. दार, कुत्रं, अंगणातलं गवत, शेजारणीनं ठेवलेलं कुलूप. चुका पंचवीस तरी होत्या. पण 'देअर इज'चं वाक्य त्यात नऊ वेळा आलं होतं आणि नऊही वेळा जागेवर होतं. तेव्हापासून पत्राच्या कामात मी एक अट घातली : प्रत्येक पत्रात असा एक प्रश्न हवा की ज्याचं उत्तर द्यायला वाचणाऱ्याला कुठेतरी जाऊन पाहावं लागेल.

मार्च-एप्रिल

गुढीपाडवा २२ मार्चला होता. त्याच्या आगेमागे पट्टे पडायला, म्हणजे कारखान्यांचे हंगाम संपायला, लागले आणि मुलं परतू लागली, एकदम नाही, दोन-दोन, तीन-तीन करून. सतरापैकी चौदा जण वार्षिक परीक्षेला बसले. दोन कुटुंबं तिकडूनच वीटभट्टीच्या कामाला गेली. एका मुलीचं घर परतलं पण ती शाळेत आली नाही. आम्ही दोघी शिक्षिका घरी गेलो, आत्याकडे आहे असं सांगितलं गेलं. मुख्याध्यापकांनी ग्रामसेवकांच्या कानावर घातलं. तिची वही मात्र तिच्या भावानं शाळेत आणून दिली होती, जानेवारीपर्यंत भरलेली.

वह्या सतरापैकी पंधरा परत आल्या. कोणतीही पूर्ण नव्हती. रोजची पाच वाक्यं कोणीच रोज लिहिली नव्हती. जास्तीत जास्त ८३ दिवस, कमीत कमी ९. ऊस ओल्या रानातला होता त्या आठवड्यांत सगळ्यांच्याच वह्या कोऱ्या होत्या, तारखा पाहून कळतं. उतारे बहुतेकांनी केले होते. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं, म्हणजे स्वतःचं मत, बहुतेक ठिकाणी एका ओळीची, पण स्वतःची.

परीक्षेत काय झालं? परतलेल्या चौदांपैकी अकरा इंग्रजीत उत्तीर्ण. आदल्या वर्षी अशाच गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना पुन्हा बसावं लागलं होतं. पण गुणांपेक्षा मला उत्तरपत्रिकांचा आतला भाग सांगायचा आहे. लेखनकौशल्याचा विभाग एकानंही कोरा सोडला नव्हता. अनोळखी उताऱ्यावर त्यांचे सरासरी गुण वर्गात राहिलेल्यांच्या जवळ आले. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांवर ते स्पष्टपणे मागे होते, आणि कवितेत तर फारच मागे. तीन आठवड्यांत तीन कविता मी उरकल्याच, दुसरा शब्द नाही त्याला. ज्या मुलांना कविता हा प्रकार कदाचित सगळ्यात जास्त आवडला असता त्यांच्याच वाट्याला तो सर्वांत कमी आला. या नियोजनाची ही खरी किंमत आहे आणि ती कोणी तरी मोजलीच.

अंतर्गत २० गुणांचा प्रश्नही सुटलेला नाही. भाषणकौशल्यासाठी मी त्यांचे आवाजाचे संदेश धरले, तारखेसह नोंदी ठेवल्या. एका सहकारी सरांनी विचारलं, वर्गात उभं राहून बोललेलं आणि तळावर बसून पाचदा रेकॉर्ड करून पाठवलेलं, हे सारखं कसं? त्यांचा प्रश्न रास्त आहे. मला इतकंच सांगता आलं की पाचदा रेकॉर्ड करणाऱ्यानं ते वाक्य पाचदा म्हटलंय, आणि मला तेच हवं होतं. तरी मूल्यमापन म्हणून ते तोकडं पडतं हे मी मानते. पुढच्या वर्षी परतल्यावर दोन मिनिटं समोरासमोर बोलणं ठेवलं.

पुढच्या जूनमधल्या नियोजनात मी तीन बदल केले. वही ऑक्टोबरऐवजी ऑगस्टमध्ये, सगळ्या वर्गाला, म्हणजे त्यात कसं लिहायचं हे मुलं माझ्यासमोर चुकत शिकतील. दोन कविता पहिल्या सत्रात, सगळे असताना, सावकाश, चार-चार तास देऊन. आणि नियोजनाच्या पहिल्या पानावर, मुख्याध्यापकांच्या सहीच्या वर, मी जी यादी लावते, तिचं नाव बदललं. आधी ते 'स्थलांतर करणारे विद्यार्थी' असं होतं. आता 'ज्यांच्या घरचं कोणी तोडीला जातं असे विद्यार्थी' असं आहे. नव्या नववीत पहिल्या नावाखाली १४ जण बसले असते. दुसऱ्या नावाखाली २३ आहेत.